रोड सायकलवरील सामानवहन

रोड सायकल वेगासाठी आणि हलकेपणासाठी घडवलेली असते. तिच्यावर ओझे लादले जाईल, हे तिच्या रचनेत सहसा गृहीत धरलेले नसते. अशा सायकलवरून एका किंवा फार तर दोन रात्रींच्या मुक्कामाचा प्रवास करताना लागणारे कपडे, झोपण्याचे साहित्य, अवजारे आणि खाणे सायकललाच बांधून नेण्याच्या पद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे. मुक्काम छपराखाली असेल तर सामान दोन-तीन किलोंत आटोपते. तंबू, स्लीपिंग बॅग आणि गादी बरोबर घ्यायची झाल्यास ते पाच-सहा किलोंपर्यंत जाते. या मर्यादेत सामानाच्या वजनापेक्षा ते किती घट्ट आणि सायकलच्या किती जवळ बसले आहे, याला अधिक महत्त्व असते. नीट आवळलेले पाच किलो सायकल निमूटपणे वाहते, तर डुलणारे तीन किलो तिला प्रत्येक चढावर आणि प्रत्येक वळणावर छळतात.

दूरच्या प्रवासासाठी बनवलेल्या टूरिंग सायकलशी तुलना केली की अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. टूरिंग सायकलमध्ये पायडलांच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर साधारण 440 ते 460 मिलिमीटर असते; रोड सायकलमध्ये ते बहुधा 405 ते 415 मिलिमीटरच भरते. त्यामुळे मागच्या कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पॅनिअर पिशव्या रोड सायकलवर लावल्या, तर पाय मागे येताना टाच पिशवीला घासते. टूरिंग सायकलच्या मागच्या चाकाला अनेकदा 36 आरे असतात, तर रोड सायकलच्या तयार चाकांत ते पुष्कळदा 20 ते 24 इतकेच असतात. कॅरियर कसण्यासाठी लागणारी आट्यांची भोके अनेक रोड सायकलींना नसतात. आणि चौकट कार्बनची असेल तर नळीभोवती धातूची पट्टी आवळून कॅरियर बसवणे धोक्याचे ठरते, कारण कार्बनची नळी ठरावीक दिशांचा ताण सोसण्यासाठी घडवलेली असते आणि बाहेरून एकाच जागी येणारा दाब त्यात सहसा धरलेला नसतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून कमाल किती वजन चालेल, हा आकडा अनेक उत्पादक देतात. पिशव्या निवडण्यापूर्वी तो पाहणे आवश्यक आहे.

हलक्या सायकलवर सामान बांधण्याची परंपरा जुनी आहे. फ्रान्समध्ये ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द व्हिवी (1853–1930) यांनी गिअरच्या सायकलींचा आणि दूरच्या सहलींचा हिरिरीने पुरस्कार केला, आणि त्याच परंपरेत पुढे ‘रँदोनझ’ ही वेगवान प्रवासी सायकल घडली. तिची चौकोनी पिशवी हँडलबारपुढे, चाकावरच्या छोट्या कॅरियरवर टेकलेली असे. वरच्या पारदर्शक कप्प्यात नकाशा राही आणि खाणे चालत्या सायकलवरून हाताला येई. तिच्या पुढच्या चिमट्याचा कोन आणि बाकही पुढचे ओझे लक्षात घेऊन ठरवलेला असे. आजच्या रोड सायकलवर पुढे तेवढेच वजन लादले तर ती तितकी सुखाने वळत नाही, याचे कारण येथे आहे. इंग्लंडमध्ये पिशवी सीटच्या मागे आडवी टांगण्याची रीत रुजली. लँकेशरमधील नेल्सन येथे 1932 मध्ये सुरू झालेली कॅरडाइस ही कंपनी अशा पिशव्या मेण लावलेल्या जाड सुती कापडाच्या शिवते. पाणी लागले की सूत फुगते आणि विणीतील छिद्रे बुजतात. ब्रुक्स या सीट बनवणाऱ्या कंपनीच्या अनेक चामडी सीटना मागे पट्टे ओवण्यासाठी कड्या असतात, मात्र आजच्या बहुतेक सीटना त्या नसल्याने वेगळी पकड लावावी लागते.

सध्या प्रचलित असलेल्या, कॅरियरवाचून बांधायच्या पिशव्या मात्र डांबरी रस्त्यावर जन्मलेल्या नाहीत. अलास्कातील इडिटारॉड पायवाटेवरच्या हिवाळी शर्यती आणि कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत 2008 पासून होणारी टूर डिव्हाइड यांसारख्या खडतर वाटांवर त्या रूढ झाल्या. 2013 मध्ये माइक हॉल यांनी लंडन ते इस्तंबूल अशी ट्रान्सकॉन्टिनेंटल शर्यत सुरू केली. तिच्यात बाहेरची मदत घेण्यास मनाई असल्याने सगळे सामान स्वारानेच न्यायचे होते, आणि त्यामुळे या पिशव्या रोड सायकलींवरही दिसू लागल्या. चोवीस तासांच्या आत घरी परतायचे, अशा छोट्या मुक्कामी फेरीचा प्रसार अमेरिकेतील रिव्हेंडेल बायसिकल वर्क्सचे संस्थापक ग्रँट पीटरसन यांनी केला. अशा फेरीपुरते सामान रोड सायकलला सहज पेलते.

या पिशव्यांत सीटपॅकचा, म्हणजे सीटच्या मागे लांबट बसणाऱ्या पिशवीचा, उपयोग सर्वांत मोठा, आणि चुकायला वावही त्यातच सर्वांत जास्त. तो सीटखालच्या दोन दांड्यांना बकलांनी आणि सीटपोस्टला, म्हणजे सीट धरणाऱ्या उभ्या दांड्याला, रुंद वेल्क्रो पट्ट्याने बांधला जातो, आणि त्यात साधारण 8 ते 16 लिटर सामान मावते. आधार पुढच्या टोकालाच असल्याने मागच्या टोकाचे वजन तरफेसारखे काम करते. स्वार उभा राहून पायडल मारू लागला की सायकल डावी-उजवीकडे झुकते, पिशवीचे शेपूट तिच्या मागून उशिरा येते आणि प्रत्येक पायडलला उलटा हिसका देते. यावरचा उपाय भरण्याच्या क्रमात आहे. सुटी ट्यूब, अवजारे, चार्जर अशा जड वस्तू सर्वांत आत, सीटपोस्टला टेकतील अशा ठेवाव्यात. त्यामागे घट्ट गुंडाळलेले कपडे आणि शेवटी हलके जाकीट. प्रत्येक थर मुठीने दाबून बसवावा, आतली हवा काढावी, तोंडाला किमान तीन वेटोळी घालून ते बंद करावे, आणि मगच सीटखालचे पट्टे ओढावेत. पट्टे आधी आवळून नंतर सामान कोंबले तर ते काही अंतरातच ढिले पडतात. पोकळी राहिलेली पिशवी मध्ये वाकते, आणि वाकणारी पिशवी डुलतेच. म्हणून अर्धवट भरलेल्या मोठ्या सीटपॅकपेक्षा गच्च भरलेला लहान सीटपॅक केव्हाही चांगला. सीट आणि टायर यांमधले अंतरही आधी मोजावे. कमी उंचीच्या स्वारांच्या सायकलीवर ते इतके कमी असते की खड्ड्यात आदळताच पिशवीचा तळ टायरवर घासतो.

वजनासाठी सर्वांत चांगली जागा चौकटीच्या त्रिकोणात असते, कारण ती खाली आणि दोन चाकांच्या मध्ये येते. तेथे बाटल्यांशी स्पर्धा असल्याने वरच्या नळीखाली बसणारी अर्ध्या उंचीची पिशवी आणि बाजूने बाटली काढता येईल अशी जाळी, ही जोडी सोयीची पडते. पिशवी फुगून गुडघ्यांना लागणार नाही इतकीच भरावी.

हँडलबारवर तंबूची किंवा झोपण्याच्या साहित्याची गुंडाळी बांधताना रुंदीचा प्रश्न येतो. वाकड्या हँडलबारच्या दोन बाजूंमध्ये हातांना जागा सोडली की 30 ते 35 सेंटिमीटरच उरतात. नेहमीच्या तंबूच्या घडी केलेल्या काठ्या याहून लांब असतात, म्हणून त्या वेगळ्या काढून चौकटीला बांधाव्या लागतात, किंवा आखूड घडीच्या काठ्यांचा तंबू घ्यावा लागतो. शिमानो कंपनीच्या जुन्या ब्रेक-गिअर लिव्हरमध्ये गिअरच्या तारा आतल्या बाजूने उघड्यावर येतात. गुंडाळीने त्या दाबल्या की गिअर अडखळतात. गुंडाळी आणि हँडलबार यांमध्ये फोमचे ठोकळे ठेवल्यास हे टळते. गुंडाळी घसरून पुढच्या चाकात जाणे हा मात्र खरा धोका आहे, कारण पुढचे चाक अडकले तर स्वार थेट पुढे फेकला जातो. म्हणून मागे हेडट्यूबला, म्हणजे चौकटीच्या पुढच्या आखूड उभ्या नळीला, एक पट्टा बांधलाच पाहिजे.

पिशव्या नको असतील तर सीटपोस्टवर कसण्याची कॅरियर मिळतात. त्यांची मर्यादा साधारण 10 किलोंच्या आसपास असते आणि कार्बनच्या सीटपोस्टवर ती लावू नयेत. मागच्या चाकाच्या आसावर टेकणारे कॅरियर याहून भरवशाचे, कारण वजन आस पेलतो आणि डुलणे मुळातच थांबते. अधिक वजन आणि खर्च ही त्याची किंमत. पाठीवरची सॅक थोड्या अंतरापुरती ठीक, पण दिवसभर चालवताना तिचे सगळे वजन सीटवर आणि खांद्यांवर येते.

सामान चढवल्यावर मागच्या टायरमध्ये हवा थोडी वाढवावी, ब्रेक लवकर धरावेत आणि मागचा दिवा पिशवीआड जात नाही ना, ते पाहावे. वेगाने उतरताना पुढचे चाक थरथरू लागले तर हँडलबार घट्ट आवळू नये, त्याने थरथर वाढते. गुडघ्याने वरची नळी दाबून हलके ब्रेक लावावेत. कार्बनवर जेथे पट्टे टेकतात तेथे आधीच पारदर्शक चिकट फिल्म लावावी, कारण पट्ट्याखाली शिरलेली धूळ रंग खरवडते, आणि ओल्या रस्त्यावरून आल्यानंतर पट्टे सोडून ती जागा पुसून घ्यावी.