घरच्या कॉम्प्युटरचं लोकेशन वेबसाइटला चुकीचं का दिसतं

घरी कॉम्प्युटरवर एखादी वेबसाइट उघडली की ती आपण कुठे आहोत ते स्वतःच ठरवून टाकते आणि बऱ्याचदा सपशेल चुकते. सांगलीतल्या माणसाला मुंबईचं हवामान दिसतं, पणजीतल्याला बंगळुरूच्या फ्लॅटच्या जाहिराती येतात, आणि कधी कधी तर ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही म्हणून सरळ दार बंद. लोकांना वाटतं कॉम्प्युटर बिघडला किंवा कोणीतरी हॅक केलं, पण बहुतेक वेळा तसं काही नसतं. साध्या कॉम्प्युटरमध्ये जीपीएस नसतं, त्यामुळे तो कुठे आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं, वेबसाइट फक्त अंदाज बांधते. हा अंदाज दोन वाटांनी येतो, एक आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेटवर आपल्या जोडणीला मिळालेला आकड्यांचा पत्ता) आणि दुसरा ब्राउझरकडून, आणि दोन्ही चुकायची कारणं पूर्ण वेगळी आहेत.

पहिली वाट आयपीची. ती वेबसाइटला कोणाची परवानगी न मागता वापरता येते कारण आयपी पत्ता कळल्याशिवाय पान तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. जगातले आयपी पत्ते पाच प्रादेशिक संस्था वाटतात, आपल्या भागासाठी एपनिक आहे, तिचं ऑफिस ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, आणि भारतात निक्सी या इंटरनेटचं काम बघणाऱ्या संस्थेच्या अखत्यारीतली आयआरआयएनएन इथल्या कंपन्यांना पत्ते देते. पत्ते देताना नोंद होते ती कंपनीची, म्हणजे नाव आणि ऑफिसचा पत्ता. ते पत्ते कंपनी पुढे मिरजेत वापरते की मुजफ्फरपूरला, हे त्या नोंदीत असेलच असं नाही. सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे यावरून आत्ता शेतात कोण उभं आहे ते कळत नाही, तसाच हा प्रकार.

मग गाव कुठून येतं, तर मॅक्समाइंड, आयपीटूलोकेशन यांच्यासारख्या कंपन्या आहेत ज्यांचा धंदाच हा आहे की कुठला आयपी कुठल्या गावात असावा याचा डेटाबेस करून विकायचा. त्या नोंदणीची माहिती घेतात, वाटेतल्या राउटरची नावं बघतात (त्यात बरेचदा शहराचं लघुरूप असतं), निरोप जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजतात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १ मिलिसेकंद लागला तर समोरचं मशीन १०० किलोमीटरच्या आत आहे एवढं नक्की. पण उलटं म्हणता येत नाही, ४० मिलिसेकंद लागले म्हणून ते लांबच आहे असं काही नाही, वाटेत गर्दी असू शकते, निरोप वळसा घालून गेलेला असू शकतो. त्यामुळे देश बहुतेक वेळा बरोबर येतो, राज्य कधी येतं कधी नाही, आणि गाव म्हणजे निव्वळ नशीब.

आपल्याकडे हे जास्त चुकतं त्याला कारण आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास, आणि जागतिक साठ्यातला शेवटचा गठ्ठा ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपला. भारतात घराघरात इंटरनेट पोचलं ते बहुतांशी त्यानंतर, मग एवढे पत्ते आणायचे कुठून, म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा, तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्या आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, कारण तेवढा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवलाय. वेबसाइटला तो दिसतच नाही, तिला दिसतो कंपनीच्या मोठ्या मशीनचा पत्ता, आणि ते मशीन मुंबईत किंवा चेन्नईत असेल तर तुम्हीपण मुंबईत किंवा चेन्नईत. त्यात आपला गल्लीतला केबलवाला बऱ्याचदा स्वतःचे पत्ते घेतच नाही, वरच्या मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेतो आणि तिचेच पत्ते पुढे वाटतो, म्हणजे नोंद तिसऱ्याच शहराची.

फोनचा हॉटस्पॉट लावून कॉम्प्युटर वापरला तर आणखी गंमत. मोबाइल नेटवर्कमध्ये तुमचा डेटा कंपनीच्या गेटवेपर्यंत आतल्या आत जातो आणि इंटरनेटवर बाहेर पडतो तो तिथून, आणि गेटवे दर तालुक्याला नसतो, मोजक्या शहरांतच असतो. टेलिकॉमच्या हिशोबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो आणि मुंबई मात्र वेगळं सर्कल आहे, त्यामुळे म्हापशातल्या माणसाला पुणे दिसलं तर आश्चर्य वाटायचं कारण नाही.

पत्त्यांची खरेदी-विक्रीपण चालते. कमी पडायला लागल्यावर त्यांना भाव आला, एका देशातली कंपनी दुसऱ्या देशातल्या कंपनीकडून गठ्ठाच्या गठ्ठा घेते, आणि डेटाबेसवाल्यांपर्यंत ती बातमी पोचेस्तोवर नवीन गिऱ्हाईक परदेशातच राहतं. परदेशी दिसण्याचं मोठं कारण हे, आणि दुसरं अर्थात व्हीपीएन, म्हणजे आपला डेटा आधी दुसरीकडच्या सर्व्हरवर नेऊन तिथून बाहेर सोडणारी सोय. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर नाशिकमध्ये बसलेला माणूस ऑफिसचा सर्व्हर जिथे असेल तिथला होतो. काही ब्राउझरमध्ये आयतं व्हीपीएन असतं, त्यानेपण तेच होतं, आयफोन-मॅकवर पैसे भरून मिळणारं प्रायव्हेट रिले (खरा आयपी झाकणारी सोय) देश तोच ठेवतं पण गाव बदलू शकतं, आणि चालू केलेलं आपण साफ विसरलेले असतो.

या डेटाबेसचा खरा दोष चुकणं नाही, माहीत नसतानासुद्धा ठाम बोट ठेवणं हा आहे. याचं सगळ्यात भयानक उदाहरण अमेरिकेतलं. एखादा आयपी अमेरिकेतला आहे एवढंच कळलं आणि पुढचं काहीच कळलं नाही तर मॅक्समाइंडने देशाचा साधारण मध्य दाखवायचं ठरवलं. खरा मध्य ३९ अंश ५० मिनिटं उत्तर, ९८ अंश ३५ मिनिटं पश्चिम असा वेडावाकडा येतो म्हणून सुटसुटीत आकडा घेतला, ३८ उत्तर, ९७ पश्चिम. हा बिंदू पडला कॅन्सस राज्यात पॉटविन नावाच्या गावाजवळच्या एका शेतात, तिथे घर होतं आणि घरात माणसं राहत होती. ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या शेताच्या नावावर चढले आणि वर्षानुवर्षं तिथे पोलीस यायचे, एफबीआयवाले यायचे, फसवणूक झालेली माणसं जाब विचारायला यायची, घरातून पळालेली मुलं शोधत लोक यायचे, एकाने तर फुटका कमोड आणून अंगणाच्या वाटेवर टाकला. शेवटी तिथल्या शेरिफने वाटेवर पाटी लावली की आत जाऊ नका, आधी मला फोन करा. हे का होतंय ते घरच्यांना कळलं २०१६ मध्ये, कश्मीर हिल या पत्रकाराने शोधून काढल्यावर, तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून विचिटा शहराच्या पश्चिमेला एका तलावात नेऊन ठेवला. नंतर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियातल्या एका घराचं असंच प्रकरण त्याच पत्रकाराने बाहेर काढलं. डेटाबेसवाले म्हणतात की आमचा बिंदू घराचा पत्ता म्हणून वापरू नका, सोबत किती किलोमीटरचा फरक पडू शकतो तेपण आम्ही देतो, पण नकाशावर टाचणी दिसली की किलोमीटर कोण वाचतंय.

इथे एक घोळ लोक नेहमी करतात. डेटाबेसचा अंदाज वेगळा आणि अमुक वेळी अमुक आयपी कोणत्या गिऱ्हाइकाकडे होता ही इंटरनेट कंपनीची नोंद वेगळी. पोलीस तपासात दुसरी वापरली जाते आणि ती पुष्कळ जास्त भरवशाची, तरी तीही चुकू शकते. २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर शिवाजी महाराजांची बदनामी केल्याच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला पकडून आणलं, त्याने जवळपास ५० दिवस कोठडीत काढले आणि मग उघड झालं की कंपनीने दिलेली आयपीची माहितीच चुकीची होती. पत्ता सारखा बदलत असतो त्यामुळे वेळ जराशी इकडची तिकडे झाली तरी माणूस बदलतो, आणि सीजीनॅटमध्ये तर आयपी आणि वेळ देऊनही भागत नाही, पोर्ट नंबरपण लागतो, म्हणजे एकाच पत्त्यामागच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा.

दुसरी वाट ब्राउझरची. 'या साइटला तुमचं लोकेशन हवंय' असा चौकोन येतो आणि आपण अलाऊ दाबतो ती ही. फायरफॉक्समध्ये ही सोय २००९ पासून आहे, आणि क्रोमने २०१६ पासून ती फक्त एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या साइटसाठी ठेवली. अलाऊ दाबल्यावर कॉम्प्युटर आजूबाजूला कुठकुठले वायफाय दिसतायत त्यांची यादी गुगल, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपलकडे पाठवतो, त्यांच्याकडे प्रत्येक राउटरचा नंबर आणि त्याची जागा साठवलेली असते, रस्त्याने जाणाऱ्या लोकांच्या फोनमधून जमवलेली. शहरात याने अगदी बिल्डिंगपर्यंत बरोबर लोकेशन येतं. पण डेस्कटॉपला वायफायच नसेल आणि लॅनची वायर लावलेली असेल तर यादी रिकामी, मग ही वाटसुद्धा परत आयपीवर येऊन थांबते, म्हणून तर एकाच घरात लॅपटॉप बरोबर गाव सांगतो आणि शेजारचा डेस्कटॉप मुंबई. वस्तीपासून लांब शेतात घर असेल, आसपास दुसरं वायफाय नसेल, तरी तेच.

यातली चूक ओळखायला सोपी असते कारण ती फार नेमकी असते. बदली होऊन कोल्हापूरहून संभाजीनगरला गेलात आणि जुना राउटर सोबत नेलात तर काही दिवस कॉम्प्युटर कोल्हापुरातली जुनी गल्ली दाखवू शकतो, कारण राउटरचा नंबर तिथेच नोंदलेला आहे. नवीन जागेवरून फोन फिरले की ते आपोआप सुधारतं. आपला राउटर या यादीत नकोच असेल तर वायफायच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोअर लावून नोमॅप असं इंग्रजीत लिहायचं (_nomap), गुगलने ही सोय २०११ मध्ये दिली.

दुरुस्त करायचं तर आधी कुठली वाट चुकतेय ते बघायचं. आयपी सांगणाऱ्या दोन-तीन साइट उघडा, तिघी तीन गावं सांगत असतील तर दोष डेटाबेसचा, तिथे चूक कळवायचा फॉर्म असतो. तो भरला तरी लगेच बदल होत नाही आणि सगळीकडे तर होतच नाही कारण प्रत्येक वेबसाइट डेटाबेसची वेगळी, कधी महिनोन्‌महिने जुनी प्रत वापरत असते. पक्का उपाय इंटरनेट कंपनीच्या हातात आहे, आमचा हा पट्टा या गावात आहे अशी साधी यादी तिने प्रसिद्ध करायची, तिला जिओफीड म्हणतात, तिचा नमुना २०२० मध्ये आरएफसी ८८०५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ठरला. छोट्या केबलवाल्यांना हे माहीतसुद्धा नसतं. गुगल सर्चपुरतं हवं असेल तर पानाच्या अगदी तळाशी गाव लिहिलेलं असतं, तिथूनच अपडेट करता येतं. डेस्कटॉपला विंडोज असेल तर लोकेशन सेटिंगमध्ये डिफॉल्ट लोकेशन म्हणून आपलं घर हाताने टाकून ठेवता येतं, पण त्याचा उपयोग विंडोजला विचारणाऱ्या ॲपनाच, आयपी बघणारी वेबसाइट तिकडे ढुंकून बघत नाही. बाकी कस्टमर केअरचं ठरलेलं उत्तर म्हणजे राउटर बंद करून चालू करा, आणि त्याने कधी कधी खरंच फरक पडतो, कारण नवीन पत्ता वेगळ्या गठ्ठ्यातला मिळाला तर मुंबईचे तुम्ही पुण्याचे होता, सांगलीचे मात्र क्वचितच.