धोक्याचं तापमान (अन्नसाठवण)

साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधल्या पट्ट्याला धोक्याचं तापमान म्हणतात, कारण अन्नातले बॅक्टेरिया याच पट्ट्यात भराभर वाढतात. सगळं मनासारखं मिळालं तर बरेचसे बॅक्टेरिया २० मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे एकापासून सुरुवात केली तरी ७ तासांत आकडा २० लाखांच्या वर जातो. म्हणूनच शिजवलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका असं सांगतात, आणि उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच.

आता बरेच जण म्हणतात की परत उकळलं की झालं, सगळे जंतू मेले. इथेच गडबड आहे. भाताचंच घ्या, तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या बॅक्टेरियाचे बीजाणू (म्हणजे त्यांची कवचबंद, झोपलेली रूपं) असतात आणि ते भात शिजताना मरत नाहीत, भात कोमट होत आला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात ज्याला उकळण्याने काहीच फरक पडत नाही. असा भात कितीही वाफाळता करून खाल्ला तरी अर्ध्या ते ६ तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस या दुसऱ्या बॅक्टेरियाचं विषही असंच चिवट, फक्त हा बॅक्टेरिया बहुतेक वेळा आपल्या हातांवरून किंवा नाकातून अन्नात येतो.

वास घेऊन बघणं हा उपाय तर अजिबात भरवशाचा नाही. अन्न आंबवणारे, बुळबुळीत करणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे, त्यामुळे छान वास येणारं अन्नही बाधू शकतं.

मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलायचं हेही चुकीचंच, बाहेरून गार लागतं पण मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. मांसाच्या रश्श्यात तर मध्ये ऑक्सिजनही नसतो, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या पोट बिघडवणाऱ्या बॅक्टेरियाला नेमकं तेच हवं असतं. त्यापेक्षा उथळ डब्यांत थोडं थोडं काढा, वाफ गेली की लगेच आत. पूर्ण गार होईपर्यंत थांबायची गरज नसते. अमेरिकेच्या फूड कोडचा (अन्नसुरक्षेच्या नियमावलीचा) नियम असा की अन्न ५७ वरून २१ अंशांवर २ तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या ४ तासांत यायला हवं, आणि हा पहिला टप्पाच खरा महत्त्वाचा.

फ्रीज ५ अंश किंवा त्याखाली हवा, तरी तिथे वाढ फक्त मंदावते. लिस्टेरिया नावाचा बॅक्टेरिया तर फ्रीजमध्येही आरामात वाढतो, गरोदर बायकांना त्याचा धोका जास्त. उणे १८ च्या फ्रीझरमध्ये वाढ थांबते पण बरेच जंतू नुसते झोपून राहतात, म्हणून गोठवलेलं अन्न ओट्यावर नाही, फ्रीजमध्येच वितळवायचं.