फ्रॉन्सिस टॅव्हर्न

फ्रॉन्सिस टॅव्हर्न : न्यूयॉर्क शहरात मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, पर्ल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील वसाहतकालीन मद्यगृह. आज वरच्या मजल्यांवर संग्रहालय आहे, तळमजल्यावर उपाहारगृह व बार. द लॅन्सी या व्यापारी घराण्याने १७१९ मध्ये राहण्यासाठी बांधलेले हे घर १७६२ मध्ये सॅम्युएल फ्रॉन्सिसने विकत घेतले आणि ब्रिटनच्या राणी शार्लटच्या नावाने ‘क्वीन्स हेड’ हे मद्यगृह थाटले.

त्या काळच्या मद्यगृहात पिण्याखाण्याच्या जोडीला सौदे ठरत, सभा भरत. न्यूयॉर्कच्या व्यापारी मंडळाची स्थापना १७६८ मध्ये इथेच झाली. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्यावर ऑगस्ट १७७५ मध्ये ‘एशिया’ या ब्रिटिश युद्धनौकेचा तोफगोळा छपरातून आत आला.

वास्तूची ख्याती आहे ती ४ डिसेंबर १७८३ मुळे. त्या दिवशी, युद्ध संपल्यावर, अमेरिकी सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने इथल्या लांब दालनात आपल्या सैन्याधिकाऱ्यांचा निरोप घेतला. पण त्याच वर्षी मे ते नोव्हेंबर इथे जे घडले, त्याचे मोल कमी नाही. युद्धकाळात ब्रिटिशांच्या आश्रयाला आलेल्या कृष्णवर्णीयांवर अमेरिकी मालक आपले गुलाम म्हणून हक्क सांगत होते. त्या दाव्यांची सुनावणी ब्रिटिश आणि अमेरिकी प्रतिनिधींचे मंडळ इथे करी. स्वातंत्र्य मान्य झालेल्यांची नावे नोंदवहीत चढत आणि जहाजे त्यांना आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियाकडे नेत. अशी सुमारे ३,००० नावे आहेत. निरोपाची गोष्ट मात्र शाळेतल्या पुस्तकांत गेली, ही नोंदवही फार काळ दुर्लक्षित राहिली. अलीकडे संग्रहालयाने या सुनावण्यांवर प्रदर्शन मांडले आहे.

१७८५ मध्ये फ्रॉन्सिसने इमारत विकली. पुढची काही वर्षे नव्या राष्ट्राच्या परराष्ट्र, अर्थ आणि युद्ध खात्यांची कार्यालये इथे होती. एकोणिसाव्या शतकात आगी लागल्या, मजले चढवले गेले, आणि मूळ रूप ओळखू येईना. १९०४ मध्ये ‘सन्स ऑफ द रेव्होल्यूशन’ या स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या वंशजांच्या संस्थेने इमारत घेतली. वास्तुविशारद विल्यम मर्सेरो यांनी तिची पुनर्बांधणी केली आणि १९०७ मध्ये ती खुली झाली. मूळ आराखडा हाती नसल्याने छपरासह बराच भाग तर्काने उभारला आहे. त्यामुळे आज दिसते ते अठराव्या शतकाइतकेच विसाव्या शतकाच्या आरंभाचे काम आहे, आणि ‘मॅनहॅटनमधील सर्वांत जुनी इमारत’ हा दावा जपूनच घ्यावा.

२४ जानेवारी १९७५ रोजी अमेरिकेच्या ताब्यातील पोर्टो रिको बेटाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या ‘एफएएलएन’ या सशस्त्र गटाने इथे बॉम्बस्फोट घडवला. त्यात चार जण ठार झाले.