अच्छेव, कार्मेलीन, हावठण : ही पुस्तकं आली कुठून?

१९७७ साली पुंडलीक नायकांची 'अच्छेव' ही कोंकणी कादंबरी आली तेव्हा गोव्यातल्या खाणी बंद पडायला अजून पस्तीस वर्षं होती. बेकायदा खाणींची चौकशी करणारा शहा आयोग नव्हता, सुप्रीम कोर्टातली केस नव्हती, पर्यावरण हा शब्दसुद्धा आमच्या डिचोलीच्या बाजारात कोणी वापरत नव्हतं, खाण म्हणजे घरात एकाला पगार आणि दुसऱ्याच्या ट्रकाचा हप्ता एवढंच लोकांना माहीत. आणि तेव्हा वळवईचा पंचविशीतला एक मुलगा बसून कादंबरी लिहितो की शेतकरी शेत सोडून खाणीवर जातो, हातात पैसा येतो, पैशाबरोबर दारू येते, आणि मग घरातलं एकेक नातं सुटत जातं. अच्छेव म्हणजे उलथापालथ, सगळं खालचं वर आणि वरचं खाली. खाणीत मातीचं जे होतं तेच घरात माणसांचं.

हे आत्ता लिहायचं कारण माझी भाची. कॉलेजात आहे, तिला अच्छेव अभ्यासाला आहे आणि तिने विचारलं, मामा हे त्याला सुचलं कसं, कोणी सांगितलं का? मी म्हटलं अगं सांगायचं काय त्यात, खिडकीतून दिसत होतं. पण नंतर वाटलं हे उत्तर अर्धंच आहे, कारण खिडकीतून तर आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं.

तर आधी खाणीचं. लोहखनिजाची निर्यात पोर्तुगीज अमदानीतच सुरू झाली, १९४० च्या दशकाच्या शेवटाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे पोलाद कारखाने परत उभे राहत होते, त्यांना खनिज हवं होतं, आणि गोव्याची सोय अशी की डोंगरातून काढलेला माल ट्रकाने नदीवर आणायचा, बार्जमध्ये भरायचा आणि मांडवी-जुवारीतून सरळ मुरगांव बंदरात. एक टन खनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. त्या मातीचे डंप उभे राहिले, पावसाळ्यात ती लाल माती वाहून खालच्या शेतात आणि ओहोळात आली. शिवाय खड्डा खोल गेला की भूजलाच्या खाली जातो, मग पाणी उपसून बाहेर टाकायचं, आणि गावाच्या झरी आटतात. वायंगणाचं पीक, म्हणजे पावसानंतर झरीच्या पाण्यावर घेतलेलं दुसरं भात, ते पहिलं गेलं. वळवई मांडवीच्या काठावर. बार्ज रोज समोरून जाणार. नायकांनी हे सगळं आकडेवारी म्हणून लिहिलं नाही, घर म्हणून लिहिलं, आणि मला वाटतं म्हणूनच ते टिकलं. कोर्टाचा निकाल वाचायला आज कोणी बसत नाही पण अच्छेव अजून वाचतात. २००२ साली ती इंग्रजीत गेली, कोंकणीतून इंग्रजीत गेलेली पहिली कादंबरी तीच.

आता थोडं मागे. १९६१ च्या १९ डिसेंबरपर्यंत, म्हणजे गोवा मुक्त होईपर्यंत, इथे छापण्यावर सेन्सॉर होता, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापायच्या आधी मजकूर दाखवावा लागायचा, जुनी माणसं सांगतात की लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीला जायची. गंमत बघा, भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, १६१६ मध्ये राशोलला फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' मराठीत पण रोमन लिपीत छापलं गेलं, आणि त्याच गोव्यात तीनशे वर्षांनी माणसाला मोकळेपणाने चार ओळी छापता येईनात. क्रिस्तपुराणामागची प्रेरणाही सांगण्यासारखी आहे, धर्म बदललेल्या लोकांची पुराणं सुटली, ऐकायला काही उरलं नाही, ती जागा भरायला हे नवं पुराण ओवीत रचलं. गोव्यात 'पुस्तक कशामुळे लिहिलं गेलं' या प्रश्नाला हे सगळ्यात जुन्या उत्तरांपैकी एक, काहीतरी हातातून गेलं म्हणून. मला पुढच्या बऱ्याच पुस्तकांत हाच धागा दिसतो.

आणि हिंदू घरांत तेव्हा शिक्षण मराठी. गावच्या मास्तराकडे, देवळात, भजनात, कीर्तनात, दशावतारात, जत्रेच्या नाटकात सगळीकडे मराठी, घरात बोलणं कोंकणी. त्यामुळे पुढे जे कोंकणी लेखक झाले त्यातले कितीतरी मराठी वाचून मोठे झाले, आणि बाकीबाब बोरकरांसारखे तर दोन्ही भाषांत तितक्याच सहज लिहीत होते. बोरकरांची 'भावीण' १९५० सालची, देवळाशी बांधलेल्या बाईच्या आयुष्यावरची. तो विषय त्यांना शोधायला जावं लागलं नाही, अंत्रुज महालातल्या (म्हणजे आजच्या फोंडा भागातल्या) प्रत्येक देवळाच्या आवाराबाहेर ती घरं होती. पण त्या समाजातल्या माणसाने स्वतः लिहिलेलं वाचायचं असेल तर राजाराम पैंगीणकरांचं 'मी कोण?' वाचा, मराठीतलं आत्मचरित्र, १९६९ चं. नावातच सगळं आलं.

मुक्तीनंतर सगळं एकदम सुटलं. १९६४ चा कुळ कायदा, नवी दैनिकं सुरू झाली, आणि १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. संघप्रदेश राहायला १,७२,१९१ मतं आणि महाराष्ट्रात विलीन व्हायला १,३८,१७०, फरक फक्त ३४,०२१ चा. एवढ्याशा राज्यात एवढ्याशा फरकाने, म्हणजे घराघरात भांडण. सुभाष भेंडेंची 'आमचें गोंय आमकां जाय' १९७० ची मराठी कादंबरी त्याच धगीतली आहे. आणि विलीनीकरणाच्या विरोधातला मोठा आवाज म्हणजे मडगावचं 'राष्ट्रमत', ते मराठी दैनिक होतं! कोंकणीची बाजू मराठीत लढवली गेली, उदय भेंब्रेंचा 'ब्रह्मास्त्र' कॉलम लोक वाट बघून वाचायचे. मी स्वतः मराठीवाला, घरी वडिलांनी फूल (कौलातलं विलीनीकरणाचं चिन्ह, मगोची म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची बाजू) धरलेलं, पण हे मान्य केल्याशिवाय इथलं साहित्य कळत नाही.

दामोदर मावजोंचं बघा. माजोर्ड्याचे, १९४४ चा जन्म, सुरुवातीचं शिक्षण मराठी आणि पोर्तुगीज, मुंबईला कॉमर्स करून परत गावात येऊन घरचं दुकान सांभाळलं. आता गावातलं दुकान म्हणजे काय ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. कोणाची उधारी वाढली, कोणाच्या घरी पैसे आले, कोणाचा नवरा संध्याकाळी कुठे पडलेला असतो हे सगळं काउंटरवर कळतं. साश्टीतल्या (मडगावच्या भोवतालच्या तालुक्यातल्या) ख्रिस्ती घरांचं एवढं आतलं चित्र एका हिंदू लेखकाने काढलं याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, मला वाटत नाही, त्याच्या समोर रोज तीच माणसं उभी राहायची.

'कार्मेलीन' १९८१ ची. त्यामागचा इतिहास स्थलांतराचा. गोंयकार बाहेर जाणं नवं नाही, आधी मुंबईला गेले, धोबी तलावाजवळ गावागावाच्या कुडी (एका गावच्या लोकांची राहायची सोय) होत्या तिथे राहायचे, मग आफ्रिका, मग बोटीवरचे तारवटी. पण हे बहुतेक पुरुष. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत पैसा आला आणि तिथल्या घरांना आया हव्या झाल्या, तेव्हा बाई एकटी निघाली आणि नवरा मुलांसकट मागे राहिला. तिने पाठवलेल्या पैशातून घरावर काँक्रीटचा स्लॅब चढला, मुलं कॉन्वेंटात गेली, आणि ती सुट्टीवर आली की सगळे भेटायला यायचे, परफ्यूम, चॉकलेट, कॅसेट प्लेअर. तिथे तिचं काय झालं हे विचारायचं नाही असा गावाचा न बोललेला करारच. मावजोंनी तेच विचारलं. कुवेतमध्ये आया म्हणून गेलेली कार्मेलीन, मालकाच्या घरात तिच्यावर आलेले प्रसंग, आणि तरी ती पैसे पाठवत राहते. वाईट बाई की चांगली बाई असा निकाल कादंबरी देत नाही, हे मला फार मोठं वाटतं, १९८१ च्या मानाने तर फारच. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, पुढे अनेक भारतीय भाषांत गेली. ५७ वा ज्ञानपीठ मावजोंना, त्याआधी २००६ चा रवीन्द्र केळेकरांना. कोंकणीला ज्ञानपीठ दोनदा.

महाबळेश्वर सैलांवर मात्र मला थांबायचंय, कारण मराठी वाचकाला ते सगळ्यात जवळचे असायला हवेत आणि तरी आपण त्यांना कमी वाचतो. कारवारजवळच्या माजाळीचे, १९४३ चा जन्म, शेतकरी घर. लष्करात गेले, १९६५ चं युद्ध बघितलं, नंतर गोव्यात नोकऱ्या, टपाल खात्यातही. मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहितात. सैन्यातून आलेला माणूस युद्धावरच लिहील असं वाटतं ना, पण त्यांचं गाजलेलं लेखन जमिनीवर आहे. 'काळी गंगा' नदीकाठच्या शेतकऱ्यांची. 'अदृष्ट' मध्ये जंगलात एकटा राहणारा वनरक्षक आणि त्याच्या आसऱ्याला आलेली वेडसर बाई, आणि त्या दोघांना न स्वीकारणारा गाव. त्यावरच लक्ष्मीकांत शेटगांवकरांनी 'पलतडचो मनीस' हा सिनेमा केला, २००९ साली टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला.

'युग सांवार' हे २००४ चं, आणि त्याची पार्श्वभूमी सोळावं शतक. तिसवाडी, बार्देस, साश्टीतली धर्मांतरं, देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) आलं ते मधली चारेक वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडून अंत्रुजात नेले, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला तो असाच. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हताच, नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर घेतलेले प्रदेश, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. म्हणून आजही आमच्याकडे माणूस राहतो एका गावात आणि कुलदेव विचारला की दुसऱ्याच गावाचं नाव, आणि मूळ देव होता त्या तिसऱ्या गावाचं नाव आजीच्या तोंडी. म्हणजे ही गोष्ट चारशे वर्षं घराघरात चालूच होती, अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये इन्क्विझिशनवर अभ्यासपूर्ण पुस्तकही काढलं, पण ही कादंबरी यायला २००४ उजाडलं. याचं कारण मला असं वाटतं की या विषयावर लिहिताना शेजाऱ्याला दुखवायची भीती असते. बाटलेला तो आणि पळालेला मी, दोघेही एकाच घरातले. सैलांनी तो तोल सांभाळलाय, तिकडे गेलेला माणूस त्यांनी खलनायक केला नाही, त्याचंही तुटणं दाखवलं. मराठीत हेच त्यांनी 'तांडव' म्हणून आणलं, मिळालं तर घ्याच.

आणि 'हावठण'. हावठण म्हणजे कुंभाराची भट्टी, मडकी रचून भाजतात ती जागा. २०१६ चा सरस्वती सन्मान या कादंबरीला. अॅल्युमिनियम आलं, प्लॅस्टिक आलं, आणि एक पूर्ण समाज, त्याचे देव, त्याचे विधी, त्याचे मातीचे शब्द, सगळं हळूहळू विझत गेलं त्याची ही गोष्ट. आमच्या डिचोलीला कुंभार होते, आहेत थोडे. लहानपणी चवथीच्या आधी आई मडकं बोटाच्या पेराने वाजवून घ्यायची, आवाज खणखणीत आला तरच. हावठण वाचताना तो आवाज मला आला, खोटं नाही सांगत.

विष्णू वाघांचं राहून चालणार नाही. मराठी नाटकं लिहिणारा, गाजवणारा माणूस, आणि २०१३ मध्ये 'सुदिरसूक्त' (सुदिर म्हणजे शूद्र) कोंकणीत, जातीवर सरळ बोट ठेवणाऱ्या कविता. जो राग ते कवितेत मांडत होते तो त्यांनी पुस्तकांतून घेतला नव्हता, देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत कोणी यायचं हे इथे कालपरवापर्यंत ठरलेलं होतं. २०१७ मध्ये त्याच पुस्तकावरून पुरस्काराचा मोठा वाद झाला आणि वाघ तेव्हा आजारी, बोलू शकत नव्हते. २०१९ मध्ये गेले. मला ते अजून लागतं.

नंतरच्या पिढीत प्रकाश पर्येंकार, सत्तरीचे. सत्तरी म्हणजे म्हादईचं खोरं, रान, काजू, कुमेरी (डोंगरावरची फिरती शेती). त्यांच्या 'वर्सल' कथासंग्रहाला २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला. त्यांच्या कथांत ती सत्तरीची बोली जशीच्या तशी येते आणि ती मराठीला इतकी जवळची आहे की देवनागरी वाचता येणाऱ्या कोणालाही दोन पानांत कळायला लागते. भाषांतराची वाट बघत बसू नका असं मी सगळ्यांना सांगतो.

भाचीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली पण मामा, आपल्या डंपाखाली काय होतं? मला नीट सांगता येईना. मग ती आजोबांकडे गेली, ते आता नव्वदीला आले, कमी बोलतात. त्यांनी डोळे मिटून शेतांची नावं सांगितली, व्हडली कुणगी, देवाचें मोरड, आणि एक तिसरं, जे त्यांना लगेच आठवलं नाही, ते रात्री जेवताना मध्येच थांबून म्हणाले, तळ्याखालचें. तिने वहीत लिहून घेतलंय.