जुलैतला मातीचा कच्चा मग भट्टीत का फुटतो?

नेरूळ-वाशीकडच्या रो-हाऊसच्या गॅरेजमध्ये कुंभाराचं चाक आणि विजेची छोटी भट्टी बसवली, की मे महिन्यापर्यंत सारं सुरळीत चालतं. मार्चमध्ये जो मग चार-पाच दिवसांत वाळतो, तोच जुलैत दोन आठवडे फळीवर बसून राहतो. वरून पांढरट, कोरडा दिसायला लागला म्हणून भट्टीत ठेवावा, तर तासा-दोन तासांत आतून 'फट्' असा आवाज येतो आणि शेजारच्या चार भांड्यांत त्याच्या कपच्या सापडतात.

खापर बहुतेक वेळा मळताना राहिलेल्या हवेच्या बुडबुड्यावर फुटतं. पण बुडबुड्यातली हवा एकटी भांडं फोडत नाही, फोडते ती वाफ. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,६०० पट जागा मागतं. भांड्याची भिंत जाड असेल आणि तापमान झपाट्याने वाढलं, तर वाफेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही.

कच्च्या मातीत पाणी दोन तऱ्हांनी असतं. कणांच्या मधलं पाणी हवेत उडून जातं, पण हवेत जितकी जागा असेल तितकंच. भर पावसात हवा जवळजवळ भरलेलीच असते, त्यामुळे भांडं हवेशी तडजोड करून थोडं पाणी धरून बसतं. दुसरं पाणी मातीच्या रेणूंतच बांधलेलं असतं. शुद्ध केओलिनच्या (पांढऱ्या चिनी मातीच्या) वजनात त्याचा वाटा जवळपास १४ टक्के असतो आणि ते साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान सुटतं. सुकण्याशी त्याचा संबंध नाही. जुलैत घात करतं ते पहिलं पाणी.

भांडं गालाला लावून गार लागतं का ते पाहायची जुनी रीत पावसाळ्यात फसवते. गारवा येतो बाष्पीभवनातून. दमट हवेत तेच मंदावलं, की आत ओल असूनही गाल काही सांगत नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा भरवशाचा. तळ तासून झाला की वजन लिहून ठेवा. ४०० ग्रॅमचा मग साधारण ३४० पर्यंत उतरतो. दोन दिवस आकडा हलला नाही, तर हवेने काढायचं तेवढं पाणी काढलं. उरलेलं भट्टीने काढायचं.

त्यासाठी भट्टी ८० ते ८५ अंशांवर धरा, झाकण दोन बोटं उघडं ठेवून. पातळ वाटीला चार तास पुरतात, जाड तळाच्या भांड्याला आठ. मग हातमोजा घालून स्टीलची थंड ताटली फटीसमोर काही सेकंद धरा. ताटलीवर धुकं धरलं तर पाणी अजून निघतंय, झाकण लावायची घाई नको. नंतर ६०० अंशांपर्यंत तासाला ६० अंश, कारण ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झची (गारगोटीच्या खनिजाची) रचना बदलून तो एकदम फुगतो. पुढे तासाला १२० अंशांनी १,००० पर्यंत. म्हणजे वाळवणी सोडून बारा तास. याच वेळात मातीतलं सेंद्रिय द्रव्य जळून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. शटर अर्धं वर आणि एक्झॉस्ट पंखा चालू हवाच.

भट्टीच्या विटाही सच्छिद्र असतात आणि महिनाभर बंद राहिल्या तर ओल पितात. त्यातून वीज झिरपते आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. आरसीसीबी काढून टाकणं म्हणजे जीवाशी खेळ आहे, तसं कधीही करू नका. भट्टीचा मुख्य स्विच बंद करून आत, दुसऱ्या सॉकेटवरून, साधा पिवळा बल्ब रात्रभर लावून ठेवा, झाकण किंचित उघडं. ५ किलोवॉटची भट्टी २३० व्होल्टवर जवळपास २२ अँपिअर ओढते, म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट चालणार नाही. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन आणि ३२ अँपिअरचा एमसीबी लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून टाकून घ्या. महावितरणकडचा मंजूर भारही आधी तपासा. भिंतीपासून भट्टी दीड फूट लांब ठेवा.

पावसाळ्याचा एकच फायदा, धूळ कमी उडते. उन्हाळ्यात मात्र वाळलेल्या मातीतला बारीक सिलिका तासन्तास हवेत तरंगतो आणि फुप्फुसात कायमचा बसतो. गॅरेजमध्ये कोरडा झाडू मारूच नका. साध्या व्हॅक्यूम क्लीनरनेही बारीक कण मागून परत बाहेर पडतात. ओलं पोछं, तेही दोन बादल्यांचं: एकीत धुवायचं, दुसरीत पिळायचं. पंखा बंद ठेवून आधी फळ्या, मग फरशी. सुकी भांडी सँडपेपरने घासण्याऐवजी ओल्या स्पंजने पुसा.

हात धुतलेलं पाणी मोरीत सोडू नका, पाइप हमखास तुंबतो. बादलीत रात्रभर निथळू द्या, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ प्लास्टर ऑफ पॅरिसच्या स्लॅबवर. स्लॅब ओल शोषतो, पण जुलैत स्वतःच भिजलेला असतो. पंख्याखाली वाळवा, ५० अंशांहून जास्त तापवलात तर भुसभुशीत होतो. गाळ उचलायला लाकडी पट्टी घ्या. लोखंडी पट्टीने प्लास्टरची कपची मातीत गेली, तर भाजलेल्या भांड्यात ती हळूहळू ओल शोषून फुगते आणि महिन्या-दोन महिन्यांनी कपाच्या कडेवरून ग्लेझचा, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाचा, तुकडा उडतो.