भरतीच्या वेळी खाजनात जा

गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावर फेरीबोटीतून उतरलेले बहुतेक पक्षिनिरीक्षक थेट डॉ. सलीम अली अभयारण्याची वाट धरतात. खारफुटीच्या त्या जंगलात पांढऱ्या गळपट्टीचा खंड्या दिसतोही. पण हिवाळी पाहुण्यांची खरी गर्दी बघायची तर बेटावरच्या खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या भातशेताच्या, बांधावर यावे.

मांडवीचे खारे पाणी मातीच्या बांधाने अडवून आत भात पिकवायचे, ही गोव्याची जुनी रीत. बांधातल्या ‘मानस’ नावाच्या पाणझडपेची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्याच पाण्याच्या रेट्याने उघडतात. बांध फुटून तसाच राहिला तर काही वर्षांत शेतात खारफुटी माजते. ‘निसर्ग परतला’ म्हणून आपण खूश होतो, पण उघड्या चिखलावर जगणारे पक्षी तिथून उठतात. म्हणून खाजन पूर्ववत करायचे तर रोपे लावण्याआधी बांध आणि मानस दुरुस्त करावी, असे मला वाटते.

कारण सारा खेळ पाण्याच्या खोलीचा. शेकाट्या लांब लाल पायांवर बऱ्यापैकी खोल पाण्यात फिरतो. बुटक्या चिखल्याला ओला चिखलच हवा. चिखल्या मोठ्या डोळ्यांनी शिकार हेरतो, चार पावले धावतो, थबकतो, टिपतो. तुतारी पक्ष्याचे तंत्र निराळे. तिच्या चोचीच्या टोकाशी दाब ओळखणारी सूक्ष्म संवेदनाग्रे दाटीने असतात. चिखलात चोच खुपसली की न दिसणारा किडाही तिला कळतो. थापट्या बदक मात्र पाणीच गाळून खाते. त्याच्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. एवढी मंडळी एकाच शेतात जेवतात, ती तिथे उथळ-खोल असे दोन्ही असते म्हणून.

गोड्या पाण्याचे पक्षी बघायचे असतील तर कुडचड्याचे नंदा तळे गाठा. २०२२ साली ते गोव्याचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले. कमळपक्षी आणि अडई तिथे भेटतात.

खाजनात जायची वेळ भरतीची. नदीकाठचा चिखल बुडाला की तुताऱ्या, चिखले बांधाआड विसाव्याला येतात. भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, तेव्हा घड्याळापेक्षा भरतीचे कोष्टक पाहून निघा. फोटोसाठी शेतात मात्र उतरू नका. थवा उठला की परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी तिथेच खर्ची पडते.