टोर्नेडोची फिरकी आधी आडवी असते

बातम्यांत चक्रीवादळ आणि टोर्नेडो सर्रास एकाच अर्थाने येतात. चक्रीवादळाचा पसारा शेकडो किलोमीटर, मुक्काम कित्येक दिवस. टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा भोवरा, बहुधा काहीशे मीटर रुंदही नसतो आणि बऱ्याचदा दहा मिनिटांच्या आत विरतो. दुसरा गैरसमज जुनाच: गरम आणि थंड हवा आदळली की टोर्नेडो होतो. तेवढ्यावर भागलं असतं तर रोजच झाले असते.

जमिनीलगत वारा मंद आणि किलोमीटरभर वर जोरात असला, की मधली हवा आडवी लोळू लागते. दोन तळव्यांमध्ये पेन्सिल धरून वरचा तळवा पुढे सरकवा, तशी. गडगडाटी ढगात वर चढणारा झोत ही लोळी उचलून उभी करतो आणि ढगात काही किलोमीटर रुंदीचा भोवरा तयार होतो. असा ढग म्हणजे सुपरसेल.

पण हा भोवरा अधांतरी असतो, कारण वर चढणारी हवा फिरकीला उभी करता करता जमिनीपासून दूरही नेते. बहुतेक सुपरसेल टोर्नेडो न होताच संपतात ते यामुळे. फिरकी जमिनीपाशी येते ती पावसाबरोबर खाली उतरणाऱ्या गार हवेमुळे. खरी गोम इथेच आहे. ही हवा फार गार असली तर जड होते, वर चढणाऱ्या झोताला ती उचलवत नाही आणि सगळं बारगळतं. बेताची गार असली तर वर खेचली जाते, ताणली जाते, आणि ताणली की बारीक होते. कोनीय संवेग (इथे त्रिज्या आणि वेग यांचा गुणाकार) कायम राहत असल्याने, घर्षण सोडलं तर, 2 किलोमीटर त्रिज्येवरचा सेकंदाला 5 मीटर वेग 200 मीटरवर 50 मीटर होतो. म्हणजे ताशी 180 किलोमीटर!

दिसते ती सोंड म्हणजे कमी दाबात गार होऊन पाणी झालेली वाफ, खरं तर पाण्याचे थेंब. सोंड अर्ध्यावरच लोंबत असली तरी खाली धूळ गरगरत असेल, तर टोर्नेडो जमिनीवर आलेला आहे.

सर्वाधिक टोर्नेडो अमेरिकेत होतात, वर्षाला सुमारे 1200. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा आणि रॉकी पर्वतांवरून येणारी कोरडी हवा तिथल्या मैदानांवर एकावर एक चढते. पण सर्वात प्राणघातक मानला जातो तो बांगलादेशातला, 26 एप्रिल 1989 चा. त्यात सुमारे 1300 माणसं गेली.

तीव्रता ठरते ती पडझडीवरून. 2013 साली ओक्लाहोमातल्या एल रेनो इथला टोर्नेडो 4.2 किलोमीटर रुंद होता, रडारवर त्याचे वारे अतितीव्र गटात बसणारे होते. पण वाटेत बहुतेक मोकळं रान, म्हणून पडझडीच्या 0 ते 5 या मोजपट्टीवर श्रेणी मिळाली ईएफ-3.

आणि दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडायचा सल्ला निव्वळ भाकडकथा आहे. उघड्या खिडकीतून शिरलेला वारा छप्पर आतून वर ढकलतो. खिडक्या सोडा, तळघर गाठा, ते नसेल तर सर्वात खालच्या मजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न लागणारी बिनखिडकीची खोली.